नागपूरहून समुद्रस्नानाला: महिना, तिथी, वाट आणि पाणी

नागपूरकराला समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र प्रवासात जाते. त्यामुळे किनारा दिसला की सामान टाकून पाण्याकडे पळायची घाई होते, आणि बरेचसे अपघात त्याच घाईत होतात. अंबाझरी-फुटाळ्याच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याची सवय असते, पण ती एका जागी थांबलेल्या पाण्याची. समुद्राचं पाणी दिवसात चार वेळा आपली दिशा बदलतं. आणि त्याच्या काठची वाळू कुणाची, यावर तर दोनशे वर्षांपासून कोर्टकज्जे चालू आहेत.

हे दोन विषय वेगळे वाटले तरी आम्ही ते मुद्दाम एकत्र घेतो. जिथे गावाची, जनतेची वाट समुद्रापर्यंत जाते, तिथे पाण्यावर नजर ठेवणारी माणसं असतात: कोळी, जीवरक्षक, नारळपाणीवाला. रिसॉर्टच्या मागच्या फाटकातून ज्या निवांत पट्ट्यावर तुम्ही उतरता, तिथे तुम्हाला ओढ लागली, म्हणजे पाण्याचा प्रवाह आत खेचू लागला, तर बघायलाही बहुधा कोणी नसतं. म्हणून उतरण्याची जागा निवडताना आमचा कल कायम सार्वजनिक किनाऱ्याकडे असतो.

आधी महिना

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे पुण्या-मुंबईची गर्दी ओसरल्यावर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात जाण्याचा बेत नागपुरात हमखास आखला जातो. खोल्या स्वस्त मिळतात, पण समुद्रस्नानासाठी वर्षातला हा सगळ्यात वाईट काळ आहे. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला पोचतो, दक्षिण कोकणात त्याच्याही आधी, आणि पाऊस येण्यापूर्वीच लाटा वाढलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी आहे हे खरं, पण या दिवसांत समुद्र होडी घालण्याजोगा नसतो हेही तितकंच खरं. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग पाण्यात जातात. आपणही त्याच्या आधी गुडघ्यापुढे जाऊ नये. खरं तर गणपती होऊन जाईपर्यंत थांबलेलं बरं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोकणासाठी उत्तम. पुरीला जायचं तर दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा अंदाज बघून तिकीट काढा. एप्रिल-मे चालतो, मात्र त्यात एक छुपा धोका आहे. दूर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार टोकाला झालेल्या वादळाच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. इथे वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं, आणि लाट अचानक कमरेची छातीवर येते. यांची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्या संकेतस्थळावर त्या जिल्ह्यासाठी उंच लाटांचा इशारा आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

मग तिथी

घरातल्या दिनदर्शिकेवरून भरतीची वेळ काढता येते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास पाणी सर्वांत वर. अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसात वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडा प्रतिपदेपासूनच मोजायचा. पूर्ण भरतीच्या पुढे-मागे सव्वासहा तास धरले की पूर्ण ओहोटी.

या हिशेबात चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली म्हणजे तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, तेव्हा सूर्योदयाची तिथी धरा. दुसरी, अमावास्या-पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण मुंबईच्या बाजूला प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. म्हणून पाऊण तासाची चूक गृहीत धरूनच बेत करा. तिसरी चूक नागपूरकरांकडून जास्त होते, कारण आपल्याला पुरी आणि कोकण दोन्ही सारखेच लांब. हा हिशेब फक्त मुंबई-कोकणाचा आहे, तो पुरीला लागू पडत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, रत्नागिरी-मालवणकडे त्याहून कमी. चढ-उतार जितका मोठा, तितका पाण्याचा वेग जास्त, आणि उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. आता अडचण अशी की आपल्या परंपरेत समुद्रस्नान पर्वकाळी करायचं, एरवी नाही. पर्वणी येते ती नेमकी अमावास्या-पौर्णिमेला. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी गर्दी सर्वांत जोरदार पाण्यात उतरते. पर्वणीचं स्नान करायचंच असेल तर ते पावलं बुडतील एवढ्या पाण्यात, तांब्याने करा. पुण्य खोलीवर अवलंबून नाही, असं त्या किनाऱ्यावरचे भटजीसुद्धा सांगतात.

हौसेच्या स्नानासाठी सप्तमी ते दशमी हे चार दिवस निवडा. भांग असल्याने ओढ कमी. शिवाय घड्याळही जुळून येतं: अष्टमीला पावणेबाराच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी ६ ला भरती. ओहोटी संपल्यावर दोन तास सोडून पाण्यात जा आणि भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी बाहेर या. म्हणजे अष्टमीला दुपारी २ ते ५. जीवरक्षक असतात तीही हीच वेळ. उतरत्या पाण्यात, त्यातही ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत, वाळूच्या दांड्यांमधून समुद्राकडे जाणारी ओढ सगळ्यात जास्त असते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर मात्र उलट: उधाणाची ओहोटी लागते, कारण भांगात पाणी पुरेसं मागे हटत नाही. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा.

वाट कुणाची

भाग जरा मोठा आहे, पण किनाऱ्यावर फाटक बघून मागे फिरलेल्या प्रत्येकासाठी तो आहे.

रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या कायद्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या चार गोष्टी सगळ्यांच्या म्हणून नोंदल्या आहेत. किनारा कुठवर, तर हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट पोचते तिथवर. आपल्याकडे तीर्थाची कल्पना याच्या जवळची होती, फक्त सगळ्यांचं म्हणजे सगळ्या जातींचं नव्हे.

इंग्लंडात समुद्रात उतरणं सुरू झालं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. सतराव्या शतकात स्कार्बरोला, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर ब्रायटनला. रिचर्ड रसेल या डॉक्टरने १७५० साली ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला. ते पाणी अंगावर घ्यायचं, आणि प्यायचंही. (प्यायचा सल्ला आज कोणी पाळू नये. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तहान वाढतच जाते.) रोग्याला चाकांवरच्या लाकडी खोलीत बसवून घोड्याने ती खोली पाण्यात ओढून न्यायची. आत कपडे बदलायचे, समुद्राकडच्या दाराने उतरायचं, आणि खाली कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली धट्टीकट्टी बाई लाट बघून रोग्याला बुडवून वर काढायची. ब्रायटनची मार्था गन ही त्या कामातली नावाजलेली बाई. १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेमथला असाच पाण्यात उतरला आणि मग ही रीत प्रतिष्ठेची झाली.

गिऱ्हाईक आलं, हॉटेलं आली, आणि वाळूला किंमत आली. लिव्हरपूलजवळ ग्रेट क्रॉस्बी इथे एका हॉटेलच्या नोकराने अशा गाड्या किनाऱ्यावरून नेल्या म्हणून जमीनमालकाने दावा लावला. १८२१ साली न्यायालयाने निकाल दिला की समुद्रस्नानासाठी किनारा ओलांडायचा सामान्य हक्क जनतेला नाही. चारपैकी एका न्यायाधीशाने, बेस्ट यांनी, वेगळं मत नोंदवलं. पाणी सगळ्यांचं, पण पाण्यापर्यंतची जमीन खाजगी, हा तिढा तिथे अधिकृत झाला. किनाऱ्यावरचे बहुतेक वाद आजही त्याच धाटणीचे असतात. पाण्याला कोणी हात लावत नाही, वाट बंद करतात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तर एकोणिसाव्या शतकात सकाळी ६ ते रात्री ८ समुद्रात उतरायलाच बंदी होती, उघड्या अंगाच्या लाजेपोटी. १९०२ मध्ये मॅन्लीला गोचर नावाच्या वृत्तपत्र संपादकाने जाहीर करून भरदिवसा पाण्यात उतरून दाखवलं आणि बंदी ढिली पडली. लोक लोंढ्याने आले, आणि बुडूही लागले. मग १९०७ मध्ये बाँडायला लाटांत पोहणाऱ्यांनीच जीवरक्षकांची संघटना उभी केली. आज गोव्यात वाळूत रोवलेले लाल-पिवळे झेंडे दिसतात, ती पद्धत तिथलीच. किनारा खुला झाला म्हणून राखण आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि वाट कुणाकुणासाठी खुली, हा प्रश्न नागपूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या मानलेल्या पाण्यात तरंगत गेला, त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. दक्षिण आफ्रिकेत समुद्रकिनारे वर्णानुसार वाटणारा कायदा १९५३ ते १९९० चालू होता. आपल्याकडे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला, पण तळ्याची वाट प्रत्यक्षात खुली झाली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले, पाणी ओंजळीत घेतलं. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात उतरताना महाड लागतंच. तासभर थांबा, तळ्याच्या पायऱ्या उतरा, मुलांना हे तिथे उभं राहून सांगा. ठराव कागदावर होता, चालत गेल्यावर तो खरा झाला.

आता आपला आजचा कायदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ राज्य शासनाचा आहे, कोणत्याही हॉटेलचा नाही. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. तिने रिसॉर्टना घातलेली अट अशी की दोन हॉटेलांच्या मध्ये जनतेला जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद मोकळी जागा हवी, आणि कुंपणाने किनाऱ्यावर जाण्याला अडथळा येता कामा नये. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट हॉटेलच्या आवारातून जात होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती जनतेसाठी खुली ठेवायला सांगितलं. नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे त्यामागचं तत्त्व.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर काय करायचं:

भरतीची रेषा डोळ्यांनी ओळखा. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची जी लांब नागमोडी पट्टी दिसते ती रात्रीच्या भरतीची खूण. तिच्या वर वाळूचा उंचवटा आणि त्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. उधाणाचं पाणी तिच्या मुळाशी येऊन थांबतं. वेलीच्या समुद्राकडच्या बाजूला खुर्च्या मांडून कोणी 'फक्त आमच्या पाहुण्यांसाठी' म्हणत असेल तर तुम्ही शांतपणे चालत राहा. तिथे हटकण्याचा अधिकार त्यांना नाही.

वाट शोधायची ती गावाकडून. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी वाद घालून वेळ जातो. जवळच्या दुकानात 'पाखाडी कुठून उतरते?' एवढं विचारा. जांभ्या दगडांनी बांधलेली ही पायवाट माडांच्या वाड्यांमधून, बहुधा एखाद्या देवळाच्या बाजूने, सरळ वाळूवर येते. होड्या ओढायला आणि विसर्जनाला गाव तीच वापरतं, म्हणून ती मोडत नाही. वाटेत वाळत टाकलेली मासळी आणि पसरलेली जाळी ओलांडू नका, वळसा घाला. एका फाटक्या जाळ्याने कोळ्याचा दिवस बुडतो.

वाट खरोखर बंद केलेली असेल आणि तुम्हाला पाठपुरावा करायचा असेल, तर कागदावर यावं लागतं. आपल्या विदर्भात गावच्या वाटेचा वाद निघाला की निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदी, काढतात. कोकणात गाव नकाशा आणि सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना बघा. गट क्रमांक ऑनलाइन भूनकाशावर सापडतो. बंद फाटकाचा तारखेसह फोटो, गट क्रमांक आणि जवळची खूण एवढं जोडून तहसीलदारांना अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. किनारा नियमनाची जिल्हास्तरीय समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. एकट्या पर्यटकाचा अर्ज पडून राहतो, कारण वहिवाट गावकऱ्यांची असते आणि तीच सिद्ध करावी लागते. ग्रामपंचायतीतल्या कोणाची सही सोबत असेल तर अर्ज हलतो.

पुरीचं वेगळं

नागपूरचं पुरीशी नातं रेल्वेने जोडलं. १८८७ मध्ये स्थापन झालेली बंगाल नागपूर रेल्वे इथून पूर्वेकडे गेली, १८९७ मध्ये पुरीपर्यंत रूळ पोचले, आणि पुढे याच कंपनीने पुरीच्या किनाऱ्यावर स्वतःचं हॉटेल चालवलं. यात्रेचं गाव हवापालटाचंही झालं. आजही अहमदाबाद-पुरी गाडी नागपूरवरून जाते.

तिथला समुद्र कोकणासारखा उथळ पसरत नाही. किनारा उतरता आहे, भरती-ओहोटीचा फरक थोडा, पण लाट पायाजवळ येऊन आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. म्हणून तिथे नुलिया असतात: वेताची टोकदार पांढरी टोपी घातलेले, तेलुगू बोलणारे पिढीजात मच्छीमार. मार्था गनचं जे काम होतं तेच ते करतात, हात धरून लाटेत उभं करतात. नुलिया कराच, विशेषतः आई-वडील सोबत असतील तर. पैसे आणि वेळ पाण्यात जाण्याआधी ठरवा, एका नुलियाबरोबर एका वेळी दोनच माणसं. तो 'बसा' म्हणाला की बसायचं, 'उडी' म्हणाला की उडी मारायची. त्याची नजर तिसऱ्या लाटेवर असते, आपली पहिलीवर.

पाण्यात उतरताना

तयारी नागपुरातच करता येते. तरणतलावात उताणं होऊन, कान पाण्यात, हातपाय सैल सोडून दोन मिनिटं तरंगता आलं पाहिजे. ज्याला एवढं येत नाही त्याने समुद्रात मांडीच्या वर जाऊ नये. खाऱ्या पाण्यात अंग थोडं जास्त तरंगतं, पण तोंडावर लाट येते तेव्हा विहिरीत शिकलेला पट्टीचा पोहणाराही गोंधळतो. श्वास लाटेच्या मधल्या वेळात घ्यायची सवय लागते.

कपडे हलके आणि अंगाबरोबर असलेले. व्हिक्टोरियन काळातल्या बायका फलाटीचे पायघोळ झगे घालत, ते पाण्यावर फुगू नयेत म्हणून काठाला वजनं शिवत, आणि त्यामुळे पोहणं त्यांना अशक्यच होतं. आपली सहावारी आणि ओढणी हेच करते. ओला पदर पायात अडकतो, ओढणी गळ्याभोवती आवळते. कोळणी काष्टा घालतात, पाय मोकळे राहतात. गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता आणि घट्ट लेगिंग पुरे. जीन्स नको. अंगठ्या खोलीवर काढून ठेवा, गार पाण्यात बोटं बारीक होतात आणि अंगठी कधी गळाली ते कळतही नाही.

आधी दहा मिनिटं कोरड्या वाळूवर उभं राहून नुसतं बघा. झेंडा कोणता आहे? दोन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा राखणीची, तिथेच उतरायचं. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, मग समोर कितीही लोक असोत. झेंडे नसतील तर लाटांकडे बघा. पांढऱ्या फुटणाऱ्या लाटांच्या ओळीत मध्येच एक शांत, गडद, दहा-वीस मीटर रुंदीची फट दिसते. अनोळखी माणसाला ती सर्वांत सुरक्षित जागा वाटते. प्रत्यक्षात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथूनच परत जात असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. फेस किंवा काटकी त्या जागी आत, समुद्राकडे जाताना दिसली की खात्री झाली. खाडीच्या मुखाजवळ आणि कातळाच्या कडेला अशी ओढ कायमची असते. तिथे उतरूच नका.

पाण्यात लाटेला पाठ दाखवायची नाही. अंग आडवं वळवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. छातीच्या वरची लाट आली तर तिच्याखाली बुडी मारायची, उडी मारून तिला भिडायचं नाही. तळ वाळूचा असेल तर पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा सरकून जातो.

मुलांसाठी हवेच्या ट्यूब आणल्या जातात, त्या तलावात ठीक. समुद्रावर पहाटे-सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी गुळगुळीत दिसतं. त्याच वेळी ट्यूबवरचं मूल मोठ्यांच्या नजरेसमोर हळूहळू आत जातं, आणि पोहत जाऊन ती गाठता येत नाही. दुपारनंतर खारे वारे सुटले की धोका कमी होतो, संपत नाही. मूल हाताच्या अंतरावर हवं, आणि मोजणी करणारा एक मोठा माणूस कोरड्या वाळूवर, मोबाइल खिशात.

नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसलेल्या माणसाला तेहतीस अंश काही वाटत नाहीत. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग आतून तापतं. दर अर्ध्या तासाने सावलीत येऊन पाणी प्या.

ओढ लागली तर

किनाऱ्याकडे पोहू नका. ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, तिच्याविरुद्ध चांगले पोहणारेही दमून बुडतात. ती तळाशी खेचत नाही, बाहेर नेते आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे सैल पडते. उताणे व्हा, तरंगा, एक हात उंच करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पांढऱ्या लाटांच्या दिशेने सरका, मग लाटाच तुम्हाला आत आणतात.

दुसरं कोणी अडकलं असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. दोरी, ट्यूब, पाण्याचा झाकण लावलेला रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका. जीवरक्षकाला किंवा जवळच्या होडीवाल्याला बोलवा, आणि एका माणसाला बुडणाऱ्यावरून नजर न काढता फक्त बोट दाखवत उभं करा. लाटांत डोकं एकदा नजरेआड झालं की परत सापडत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रातल्या शोधासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. पाणी निघत नाही, उलटी श्वासनलिकेत जाते. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब, मग दोन श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत हाच क्रम, दमलात की दुसऱ्याने घ्या. शुद्धीवर आलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, आणि तेव्हा तुम्ही परतीच्या गाडीत असता कामा नये.